तुमच्या नावाने लिहिलेली कार्डं

अहो,

जन्मभर एकाच घरात राहिलो, त्यामुळे तुम्हाला पत्र लिहायची वेळच आली नाही. आज लिहिते आहे, कारण आज माझी चोरी पकडली गेली. ती तुम्हालाच सांगायला हवी. दुसरं आहे कोण ऐकायला?

तुम्ही श्रावणात गेलात. दिवाळी जवळ आली तशी मी पोस्टातून कार्डांचा गठ्ठा आणला. गिऱ्हाइकांना कार्डं पाठवायची, आपलं दरसालचं कामच ते! तुम्ही दुकानात तक्क्याला टेकून सांगायचं आणि मी लिहायचं. भांड्यावर नाव घालायचं मशीन हातात आलं की तुमचं अक्षर कसं वळणदार! पेन धरलं की मात्र कोंबडीचे पाय.

"विट्याकडच्या कोंडाबाईला विचार, लेकीच्या सासरी घागर पसंत पडली का? आणि गुडघा कसा हाय म्हणावं, लय काळजी वाटती."

मी 'फार काळजी' लिहिलं की लगेच ओरडायचात, "लयच लिही! फार म्हटलं की कचेरीतनं आल्यागत वाटतंय."

समोरच्या नव्या दुकानाने केबलवर जाहिरात दिली, कुकरवर डबे फुकट वाटले. मी घाबरले होते. तुम्ही मात्र हसून म्हणालात, "त्यो गिऱ्हाइकाला बोलवतोय. आपन इचारपूस करतोय." आणि खरंच, आपल्या आष्ट्यात माहेर असलेल्या बायका कुठून कुठून येऊन भांडी आपल्याकडेच घ्यायच्या.

एक विचारू? रागावू नका. साऱ्या मुलखाची विचारपूस केलीत, पण लिहिता लिहिता माझी बोटं आखडायची ते कधी दिसलं का हो तुम्हाला? आणि कार्डात माझं नाव कधी आलं? शेवटच्या ओळीत 'घरून नमस्कार'. घरून म्हणजे मी!

तर या दिवाळीला पहिलं कार्ड लिहिलं आणि सवयीने खाली हात फिरला, 'आपला, अण्णा भांडीवाले'. पाहिलं आणि दचकले. फाडायला हवं होतं. नाही फाडलं. मग दुसरंही तसंच लिहिलं, तिसरंही. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण लांबच्यांना कोण कळवणार?

उत्तरं आली की हो! 'अण्णा, तब्येतीला जपा.' 'अण्णा, यंदा तिळगूळ घ्यायला येतो.' रिकाम्या दुकानात मी ती मोठ्याने वाचायची. आपल्याला मूलबाळ नाही. एकटीपुरती भाकरी करायला अजून जमत नाही, पीठ जास्तच मळलं जातं. दिवसभरात माझ्याशी बोलणारा माणूस म्हणजे पोस्टमन, तोही तुमचंच नाव घेऊन हाक मारणारा. खरं कळवलं तर ती हाकही बंद होईल, या भीतीने गप्प राहिले.

आज दुपारी कोंडाबाई आल्या. इतकी वर्षं त्यांना लिहिते, पण मी ओळखलं नाही. गिऱ्हाईक आलं की पुढे तुम्ही असायचात, मी आत.

"अण्णा कुठं हायती? नातीचं लगीन ठरलंय. म्हटलं, पयली पत्रिका त्यास्नी द्यायची, मगच भांडी बघायची."

मी तोंड उघडायच्या आत त्यांची नजर माझ्या कपाळावर गेली. पत्रिका हातात तशीच राहिली.

"कवा?"

"श्रावणात."

"आवं, मग दिवाळीला कार्ड आलं त्ये? नातीनं वाचून दावलं की मला."

"मी लिहिलं. नेहमी मीच लिहायची."

वाटलं, आता खोटारडी म्हणतील. त्या पायरीवर बसल्या. "लय वाईट केलंसा बाई. आमी त्यांच्या नावानं रडलोबी न्हाई. कार्ड आलं म्हणून पोरांस्नी लाडू वाटलं मी!"

आणि त्या तिथेच रडल्या, मोठ्याने, रस्त्यावरची माणसं थांबेपर्यंत. मला फार लाज वाटली. तुम्हाला धरून ठेवायच्या नादात मी या माणसांचं रडणं अडवून ठेवलं होतं. मग मीही रडले. तुम्ही गेल्यापासून कुणाच्या सोबतीने रडलेच नव्हते हो.

डोळे पुसून त्या म्हणाल्या, "लग्नाला आता तुमी यायचं."

"मी कशी येऊ?"

"कशी म्हंजी? यष्टीनं!"

मला हसूच फुटलं. मग त्यांनी पत्रिका पुढे केली. "हिच्यावर अण्णांचं नाव हाय. तुमचं नाव काय वं?"

कुठल्याही गिऱ्हाइकाने मला हे आजवर विचारलं नव्हतं. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून मीच तुमच्या नावाखाली माझं नाव लिहिलं. तुमचं खोडलं नाही, तेवढं धाडस झालं नाही.

उद्यापासून सगळ्यांना खरं कळवायला बसते. तुमची कार्डं लोक जपून ठेवतात. कोंडाबाईंनी तर पत्र्याच्या डब्यात ठेवली आहेत म्हणे. हे कार्ड मात्र कुणी ठेवणार नाही. असल्या बातमीचं कार्ड वाचलं की दारातच फाडून टाकतात, घरात नेत नाहीत. माझ्या सहीचं पहिलंच कार्ड, आणि ते घरोघरी फाडलं जाणार!

फाडू देत. तुम्हाला शब्द देते, त्यानंतर मी विचारपुशीचं दुसरं लिहीन. 

तुमची,
सुमन