जबाबी कार्ड

सोनाळा, ता. ३ जून १९६४

चि. कलास जानरावचे आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

बुलढाण्याहून कागद आला. नर्सच्या शिक्षणाला तुझी निवड झाली. तुझ्या हट्टापायी अर्ज भरला, पण निवड होईल असं वाटलं नव्हतं. तेव्हापासून घोर लागलाय बघ. तुझे मालक कचरूराव जाऊन दोनच वर्षं झाली. परकं गाव, परके लोक, आणि तू तर आडावरही एकटी न जाणारी भित्री भागूबाई! सासरी निदान डोक्यावर छप्पर आहे.

नेहमीसारखं जबाबी कार्ड जोडलं आहे. ‘येणे जमत नाही’ असं बुलढाण्याच्या पत्त्यावर मीच लिहून ठेवलंय. तू फक्त सही करून पेटीत टाक. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा

धामणगाव बढे, ता. १० जून

ती. दादाले कलाचा जयभीम. वि. वि.

कार्ड तीन दिवसांपासून पिठाच्या डब्यात लपवलं हाये. सही होत नाही. लय भेव लागते. सासूबाईनं सांगतलं, का गेली तं हे दार बंद. अन् सुई देताना माह्या हातून कोणी मेलं तं?

पण दादा, रागावू नका. घरात पत्र सगळ्यांसमोर वाचतात, मले बोल लागू नये म्हणून आठ वर्षं माहे जबाब तुमीच लिहून धाडले. ‘मी खुशाल आहे, काळजी नसावी.’ मी निस्ती सही करो. माही पोरगी गेली, तवाबी मी खुशाल होती. ती कार्डावरची कला कोण, मले ठावं नाही. आता काय करू, सांगा.

तुमची कला

सोनाळा, ता. १६ जून

चि. कलास आशीर्वाद.

पोरगी गेली तेव्हाचं कार्ड शोधून काढलं. माझंच अक्षर. लाज वाटली गं मला. ‘नक्की जा’ असं लिहायला घेतलं आणि खोडलं. आता कोरं कार्ड पाठवतोय, वर बुलढाण्याचा पत्ता तेवढा घातलाय. जबाब महिनाअखेरपर्यंत पोचला पाहिजे. तू काय लिहिशील, मला ठाऊक नाही. काहीही लिहिलंस तरी माझं दार उघडं आहे.

दादा

बुलढाणा, ता. २२ जुलै

ती. दादाले जयभीम. वि. वि.

‘येते’ एवढंच लिवलं. सासूबाईनं खरंच दार लावून घेतलं. एसटीत मोताळ्यापर्यंत रडत आली. इथल्या शिकवणाऱ्या बाईनं इचारलं, कोणाच्या मर्जीनं आली? माह्या, म्हटलं. आवाज बारीक निघाला, पण निघाला. सुईचं भेव अजून हाये. तरी काल पाण्याच्या बाटलीवर सुई धरली, तं बाई म्हने, बरी धरली. जेवताना तेच आठवून हसू येऊन राह्यलं होतं.

सोबत जबाबी कार्ड धाडलं हाये. तुमचा जबाब मी लिहून ठेवला नाही. खुशाल नसाल तं तसंच लिवा.

तुमची कला