दोन टेबलांमधली चार बोटं

५ ऑक्टोबर, रविवार

मॅलिंडा आली! पाच वर्षांनी. मोटार शेजारच्या ड्वाइटच्या अंगणात लावून शेतातून चालत आली. आम्हा आमिश लोकांच्या आवारात मोटार येत नाही, एवढं विसरली नाही म्हणायची. केस कापलेले. डोक्यावर आमच्या बायकांची पांढरी टोपी नाही.

दारातच म्हणाली, "बाबा, आई जाईपर्यंत राहते. सुट्टी काढलीय."

'आई जाईपर्यंत' — नर्स झालीय ना, आता सरळ बोलते. बायकोचे, सेव्हिलाचे, हात गेले. पेला धरवत नाही, चमचा तर नाहीच. ती हा हिवाळा काढेल असं वूस्टर गावचा डॉक्टर म्हणत नाही.

मी म्हटलं, "राहा. नियम माहीत आहे ना?"

"पाठ आहे."

असणारच. अठराव्या वर्षी सगळ्या मंडळीसमोर गुडघे टेकून बाप्तिस्मा घेतला होता. मग कॉलेजसाठी सगळं सोडून गेली. वाळीत टाकली. बाप्तिस्म्याआधी गेली असती तर आज पाहुणी म्हणून माझ्या शेजारी बसून जेवली असती. शब्द देऊन मोडला, म्हणून हे.

खिडकीजवळ छोटं टेबल मांडलं. आमच्या मोठ्या टेबलापासून चार बोटं अंतर. ती तिथे जेवेल. तिच्या हातातून आम्ही काही घ्यायचं नाही. तिनं ठेवायचं, हात मागे घ्यायचा, मग आम्ही उचलायचं.

७ ऑक्टोबर

माझ्या हार्नेसच्या — घोड्यांच्या साजाच्या — दुकानातून जेवायला आत आलो तर दोन्ही टेबलं शेजारी आणि वरून एकच लांब कापड! सेव्हिलानं मॅलिंडाकडून घालून घेतलं होतं.

"खाली फट आहेच की हो," सेव्हिला म्हणाली. "वरून दिसत नाही एवढंच. पुष्कळ घरांत करतात. बिशपच्या बहिणीकडेसुद्धा."

"देवाला कापडाखालचं दिसत नाही वाटतं?"

कापड ओढून काढलं. मॅलिंडाची वाटी कलंडली, मक्याची पेज जमिनीवर. ती वाकून पुसत राहिली. सेव्हिला म्हणाली, "देवाचं मला माहीत नाही. तुम्हाला मात्र सगळं दिसतं."

मग आम्ही माना खाली घालून मुक्यानं प्रार्थना केली. तिघांनीही. प्रार्थनेला टेबल लागत नाही.

९ ऑक्टोबर

सेव्हिलाला मीच भरवतो. चामडं शिवणारे हात — चमचा त्यांत नीट बसत नाही. आज सूप घशात अडकलं, तिचा चेहरा निळा पडायला लागला.

"बाबा, हनुवटी खाली! खाली करा तिची!"

मॅलिंडा दोन हात अंतरावर उभी होती. मी क्षणभर थांबलो. तिनं सांगितलं म्हणूनच थांबलो. मग केली खाली. ठसका गेला.

हे लिहून ठेवतो. कोण वाचणार आहे!

१० ऑक्टोबर

डॉक्टरकडे. मॅलिंडाची गाडी शेजारच्याच अंगणात असून ड्वाइटला बोलवावं लागलं. वाळीत टाकलेल्याच्या गाडीत आम्ही बसत नाही. ड्वाइट भला माणूस, पण गाडी चालवताना तोंड चालू.

"राग मानू नका. तुम्ही आमिश लोक इतके देवाधर्माचे. मग पोटच्या पोरीच्या हातचं पाणी का चालत नाही?"

मी विचारलं, "तुझी आई कुठे असते रे?"

"ती ना? वृद्धाश्रमात. फार छान आहे हो. खोलीत टीव्ही आहे."

"शेवटचा कधी गेला होतास?"

त्यानं खिडकीची काच वर केली. मग म्हणाला, "ईस्टरला." म्हणजे सहा महिन्यांपूर्वी.

मला बरं वाटलं — खोटं कशाला लिहू. बाहेरचे लोक आपल्या माणसांना टाकतात, पण टाकलं म्हणत नाहीत. त्यांच्यात त्याला नियम नाही, मत घेणं नाही, आणि म्हणून परत यायचं दारही नाही. आमच्यात आहे. मॅलिंडा उद्या गुडघे टेकून 'चुकले' म्हणाली तर परवा माझ्या शेजारी जेवेल. ड्वाइटच्या आईनं कुणापुढे गुडघे टेकायचे?

हे सगळं मी त्याला ऐकवलं. मागून सेव्हिला म्हणाली, "पुरे करा दोघं. दोघांच्याही घरची एकेक बाई उपाशी आहे."

परत येताना तिनं विचारलं, "अहो, वाळीत टाकलेली दोन माणसं एका टेबलावर बसली तर?"

"बसू देत. ती आधीच बाहेर आहेत. त्यांना कसला नियम?"

"अस्सं," म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. आजारपणात माणूस काहीबाही विचारतो.

११ ऑक्टोबर

दुकानाच्या खिडकीतून पाहिलं. मॅलिंडा आईला स्वतःच्या हातानं भरवत होती. सफरचंदाचा गर. सेव्हिला मिटक्या मारत होती, लहान मुलासारखी. एकदाही ठसका नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

प्रभुभोजनाच्या विधीआधीची मंडळीची सभा. शरद ऋतूत आम्ही एकमेकांना विचारतो — सगळं मान्य? सगळ्यांशी शांती? एकानंही 'नाही' म्हटलं तर कुणालाच प्रभुभोजन नाही.

माझी पाळी आली. मी उभा राहिलो. म्हटलं, "माझ्या घरात नियम मोडतोय."

बायकांच्या बाजूला कुणीतरी श्वास ओढला. बिशप क्रिस्टनं माझ्याकडे बघितलं — आम्ही शाळेत एका बाकावर होतो — आणि मान खाली घातली.

१५ ऑक्टोबर

क्रिस्ट घरी आला. सोबत एक उपदेशक. क्रिस्ट टोपी काढून सेव्हिलाच्या खाटेजवळ बसला.

"सेव्हिला, 'चुकले' म्हण. एवढंच. पुढं घरात काय होतं ते बघायला मी येणार नाही."

"चुकले नाही तर कसं म्हणू?"

"अगं, तोंडानं म्हण."

"तोंडानं तर खाल्लं, क्रिस्ट. त्याच तोंडानं खोटं बोलू?"

उपदेशकाला हसू आलं, त्यानं खोकून घेतलं. बाहेर बग्गीपाशी क्रिस्टनं माझा दंड धरला. "बाई मरायला टेकलीय. तू तक्रार मागे घे, मी मिटवतो."

"मॅलिंडाच्या वेळी नाही मिटवलंस."

"त्या वेळी तूच..."

"हो, मीच! पोटच्या पोरीविरुद्ध मी मत दिलं. पाच वर्षं तिच्याशिवाय जेवलो. आता बायको म्हणून सवलत घेऊ? मग ती पाच वर्षं कशासाठी होती, सांग!"

तो बग्गीत चढला. घोडा हाकला.

१९ ऑक्टोबर

आज सभा नाही; ती एकाआड एक रविवारी असते. सेव्हिला दिवसभर पडून होती. माझ्या हातून चार चमचे घेतले, मग ओठ घट्ट मिटले.

क्रिस्ट पुन्हा येऊन गेला. पुन्हा नाही म्हणाली.

२६ ऑक्टोबर, रविवार

उपदेश संपल्यावर मुलांना बाहेर पाठवलं. मग मत — सेव्हिलाला वाळीत टाकायचं का. क्रिस्ट एकेकाला विचारत गेला. मान्य. मान्य. मान्य. सेव्हिलाची सख्खी बहीण रडत म्हणाली, "मान्य." माझ्याकडे सगळ्यात शेवटी आला. मी नाही म्हटलं असतं तर तिथेच अडलं असतं. त्यासाठीच त्यानं मला शेवटी ठेवलं, हे मला कळलं.

"तुला?"

"मान्य."

माझा आवाज स्पष्ट निघाला. देवानं बळ दिलं.

घरी येऊन तिला सांगितलं. ऐकून सेव्हिला म्हणाली, "सगळ्यांनी हो म्हटलं?"

"सगळ्यांनी."

"तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "देव तुमचं भलं करो." मनापासून म्हणाली.

२७ ऑक्टोबर

संध्याकाळी आत आलो. मॅलिंडानं आईला खुर्चीसकट छोट्या टेबलाशी नेऊन बसवलं होतं. दोघींची एकच ताटली. नूडल्स आणि कोंबडी. मॅलिंडा भरवत होती, मधूनच त्याच चमच्यानं स्वतः खात होती. कशावरून तरी दोघी हसत होत्या. हे हसणं मी या घरात कधी ऐकलं होतं ते आठवेना.

मोठ्या टेबलावर एक ताट. माझं. झाकलेलं.

तेव्हा डॉक्टरकडून येतानाचं तिचं ते विचारणं आठवलं. उत्तर मीच दिलं होतं. तिला 'चुकले' म्हणायचंच नव्हतं — तिला मॅलिंडाच्या टेबलावर जायचं होतं. आणि मी घेऊन गेलो!

जेवण गेलं नाही.

३० ऑक्टोबर

आज खुर्ची उचलली आणि त्यांच्या टेबलाकडे नेली. नुसतं बसायला. सेव्हिलानं माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "मॅलिंडा, टेबल मागे ओढ गं. बाबांचा नियम मोडेल."

मॅलिंडानं ओढलं.