वरच्या हॉलची निरवानिरव

मी, सयाजी रखमाजी उमाप, वय अडुसष्ट, धंदा पंपांच्या मोटारींचे वाइंडिंग, राहणार आळे, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र जुन्नर येथे वकीलबाईंच्या कचेरीत बसून, स्वतःच्या अकलेने सांगून लिहून घेत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही, असे या जागी लिहायची रीत आहे. खरे लिहायचे तर दबाव आहे. पण तो हे मृत्युपत्र करण्यासाठी नव्हे, दुसऱ्याच एका कागदावर सही करण्यासाठी आहे. त्या कागदावर मी सही केलेली नाही, आणि पुढे कोणी तसा कागद दाखवला तर तो खोटा समजावा.

वकीलबाईंनी पहिला मसुदा दीड पानाचा केला होता. कोणाला काय दिले ते त्यात नीट होते, का दिले ते नव्हते. मागे राहणारी माणसे 'का' वरूनच भांडतात, म्हणून तेही लिहून घ्या, अशी मी त्यांना विनंती केली.

कलम पहिले : माझी माणसे. पत्नी कुशाबाई. मुलगा दादाभाऊ, अविवाहित, माझ्याच घरात राहतो. मुलगी रत्ना, लग्न होऊन मंचरला असते, तिला एक मुलगी आहे. थोरले बंधू बहिरू रखमाजी उमाप गेल्या वर्षी आषाढात वारले. त्यांना मूलबाळ नव्हते. मीच त्यांचे मूल होतो म्हटले तरी चालेल, कारण वडील गेले तेव्हा मी पाळण्यात होतो.

कलम दुसरे : मिळकत. आळे ते बेल्हे रस्त्यालगत माझे दुमजली घर आहे. जागा आणि बांधकाम दोन्ही स्वकष्टाचे, कसलाही बोजा नाही. खाली पुढच्या बाजूला वर्कशॉप, मागे राहण्याच्या दोन खोल्या, आणि वर एकच मोठा हॉल. त्या हॉलमध्ये दर रविवारी जीवनवाट प्रार्थना मंडळी भरते. बँकेतली शिल्लक संपूर्णपणे कुशाबाईची. त्या पैशांबद्दल कोणी वाद घालू नये.

हॉलचे सांगायचे तर आधी मंडळीचे सांगावे लागेल. आमच्याकडे प्रार्थना सुरू केली ती सारजाबाईंनी. त्या दवाखान्यात आया होत्या. कुशाचे दुसरे बाळंतपण फार अवघड गेले, तेव्हा त्या रोज तिच्या उशाशी बसून हळू आवाजात गात. घरी आल्यावरही येत राहिल्या. पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही पाच-सहा माणसे बसायचो. कोणी काही मागत नव्हते, कोणी कोणाला तपासत नव्हते. मी आणि कुशाने बाप्तिस्मा घेतला तेव्हा बहिरूदादा बेल्ह्याच्या बैलबाजारातून परत येत होता. त्याला वाटेतच कोणीतरी सांगितले. तो तसाच माझ्या दारात आला आणि एवढेच म्हणाला, "तुझा देव तुला लखलाभ. पर दिवाळीला घरी यायचं." आम्ही जात राहिलो. नाताळला तोही यायचा आणि मागे बसून केक खायचा.

माणसे वाढली तसा मी वर हॉल बांधला. मंडळीने मला पंच केले. पुढे पंचांनी मिळून पास्टर अमृत पारधे यांना बोलावले. ते आले तेव्हा तरुण होते, आवाज गोड होता, आणि लोकांसाठी मरमर राबत. मला टायफॉइड झाला तेव्हा त्यांनी माझे कपडे धुतले आहेत. ही गोष्ट मी विसरलेलो नाही, आणि ती या कागदावर असावी.

ते कधी बदलले ते नक्की सांगता येत नाही. आधी म्हणाले, लग्न ठरवताना मंडळीला विचारावे. मग विचारल्याशिवाय ठरवू नये, म्हणाले. मग नोकरी, मग गावाला जाणे, मग फोनमध्ये कोणाचे नंबर आहेत ते. रत्नाने मंचरच्या दुसऱ्या मंडळीतला मुलगा पसंत केला. मुलगा चांगला होता, पास्टरांनी नको म्हटले. रत्नाने तरीही लग्न केले. त्या दिवसापासून कुशाने लेकीचे तोंड पाहिलेले नाही. मी कॉपर वायर आणायला म्हणून मंचरला जातो. वायर आळेफाट्यालाही मिळते, हे घरात सर्वांना माहीत आहे.

पंचांच्या बैठकीत मी बोललो नाही असे नाही. एकदा स्पष्टच म्हणालो की असे करू नका, माणसे घुसमटतात. पास्टर हसले आणि म्हणाले, "सयाजीभाऊ, पंचांनी आमेन म्हणायचं असतं." बाकीच्यांनी तिथल्या तिथे आमेन म्हटले.

मग फर्मान निघाले, की प्रभूत नसलेल्यांच्या लग्नाला, दिवाळीला, मयताला, दशक्रियेला कोणी जाऊ नये. त्यानंतर थोड्याच दिवसांत बहिरूदादा गेला.

मी चप्पल घालत होतो तेव्हा पास्टर जिन्याशी उभे होते. त्यांनी मला समजावले की मी मंडळीचा कणा आहे, मीच वाकलो तर बाकीच्यांनी काय करायचे. मी म्हणालो, "माझा भाऊ मेलाय." त्यांनी बायबलातले वचन ऐकवले, "मेलेल्यांना मेलेलेच मातीत पुरतील." मी त्यांच्या बाजूने वाट काढून गेलो. तिरडीला खांदा दिला. दहाव्याला कुकडी नदीच्या काठी सगळे गाव बसले होते. कोणीतरी मला चार शब्द बोलायला सांगितले. मी उभा राहिलो, पण मला बोलता आले नाही, आणि मी पुन्हा खाली बसलो. माझा गुन्हा काय तो एवढाच.

पुढच्या रविवारी मला सर्वांसमोर उभे केले. पश्चात्ताप करा म्हणाले. मी सांगितले की मी पंचपद सोडतो, पण भावाला खांदा दिल्याची माफी मागणार नाही. पास्टर म्हणाले, "पद सोडून पाप सुटत नाही." मग मंडळीकडे वळून त्यांनी सांगितले की हा माणूस वाकेपर्यंत कोणी याच्याशी बोलू नये, याच्याबरोबर जेवू नये, घरातल्यांनीसुद्धा. मी कुशाकडे पाहिले. तिने पदर पुढे ओढून घेतला.

मी जिना उतरलो. दुसऱ्या कोणाला काढले असते तर तो आपल्या घरी गेला असता. मी जिना उतरून कुठे जाणार? खाली माझेच घर होते. वर ते गाऊ लागले, आणि मी वर्कशॉपात बसून ऐकत राहिलो.

तेव्हापासून कुशा माझे ताट वाढून उंबऱ्याशी ठेवते. भाकरी गरम असते, कालवणात मीठ बरोबर असते. बोलत नाही. दादाभाऊसुद्धा बोलत नाही. तो आता पास्टरांची गाडी चालवतो. माझ्याच घरात मी पाहुण्यासारखा, नव्हे, पाहुण्याशी लोक बोलतात.

कलम तिसरे : तो दुसरा कागद. दिवाळीनंतर एके दुपारी मी मोटार उघडून बसलो होतो. कुशा वर्कशॉपात आली, स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "ऐकता का?" तिचा आवाज ऐकून मला इतका आनंद झाला की ती पुढे काय म्हणाली ते माझ्या कानातच शिरले नाही. मी म्हणालो, "पुन्यांदा म्हण."

तिने पुन्हा सांगितले. वरचा हॉल मंडळीच्या ट्रस्टच्या नावे बक्षीसपत्र करून द्यायचा. कागद तयार आहे. ट्रस्टमध्ये पास्टर, त्यांची पत्नी आणि त्यांचे मेहुणे. "तुमी सही केली का मला बोलायची मोकळीक देनार हायेत. आज येवढंच बोलायला सांगितलंय."

मी विचारले, "आन् न्हाई केली तर?"

"मंग मला पुन्हा गप ऱ्हावं लागंल."

मला वाटले ती उठून जाईल. ती उठली नाही. मी पान्याला तेल लावत बसलो. तिने एकदा जिन्याकडे बघितले आणि अगदी खालच्या आवाजात विचारले, "रत्नाची पोर कशी हाय? चालाया लागली?"

मी म्हणालो, "पळती." तिने मान हलवली आणि आत निघून गेली. त्या दोन वाक्यांची परवानगी तिला कोणी दिलेली नव्हती.

सही करावी असे मला त्या आठवड्यात अनेकदा वाटले. एक हॉल तो काय, बायको बोलेल. पण मग कळले की ती बोलेल ते त्यांनी दिलेले बोलणे असेल, आणि दिलेली वस्तू परत घेता येते.

वकीलबाईंनी मला विचारले की घर तुमचे आहे, तर उद्याच हॉलला कुलूप का लावत नाही? त्याचे उत्तर इथे नोंदवतो. कुलूप लावले तर कुशा मंडळीबरोबर कुलपाच्या बाहेर जाईल, दादाभाऊही जाईल. सारजाबाईंना आता दिसत नाही, त्यांना रविवारी हात धरून जिना चढवतात. त्यांनी कुठे जायचे? पोलिसात किंवा गावात तक्रार केली, तर आमच्या प्रार्थनेवरच ज्यांचा डोळा आहे त्यांच्या हातात मी काठी दिल्यासारखे होईल. मागच्या वर्षी काही पोरे दारावरचा प्रार्थनेचा बोर्ड कोणाचा म्हणून विचारायला आली होती, तेव्हा त्यांना मीच दारातून परत पाठवले. माझे भांडण पास्टरांशी आहे, देवाशी नाही आणि त्या माणसांशीही नाही. म्हणून कुलूपही लावता येत नाही, आणि सहीही करता येत नाही.

कलम चौथे : घर आणि हॉलची व्यवस्था. माझ्या पश्चात संपूर्ण घर, वरच्या हॉलसह, कुशाबाईच्या हयातीपर्यंत तिच्या ताब्यात राहील. तिला तिथून कोणीही उठवू शकणार नाही. परंतु ते विकण्याचा, गहाण ठेवण्याचा किंवा कोणत्याही संस्थेच्या वा व्यक्तीच्या नावे करून देण्याचा अधिकार तिला राहणार नाही. कुशा, हे तुझ्यावर अविश्वास म्हणून नाही. तुझ्याकडे सही मागायला कोणी आले तर 'मला अधिकारच नाही' असे तुला खरे बोलून सांगता यावे, म्हणून आहे.

हॉलमध्ये प्रार्थना चालू ठेवावी अशी माझी इच्छा आहे. मात्र तिथे येणाऱ्या कोणालाही, मंडळीने काढलेल्यालासुद्धा, अडवू नये.

कुशाबाईनंतर घर दादाभाऊ आणि रत्ना यांचे, समान हिश्शाने आणि एकत्र. वाटणी करून मध्ये भिंत घालू नये. कोणत्याही व्यवहाराला दोघांच्याही सह्या लागतील. दोघे बहीणभाऊ एकमेकांचे फोन उचलत नाहीत. निदान सहीसाठी तरी उचलतील.

कलम पाचवे : हत्यारे. वाइंडिंग मशीन, बेअरिंग पुलर, इन्सुलेशन तपासायचा मेगर, पान्यांचे दोन संच आणि उरलेली कॉपर वायर दादाभाऊला. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. सबमर्सिबल पंपाची कॉइल तो डोळे मिटून भरायचा. सेवा करायची म्हणून त्याने काम सोडले. बाळा, दुसऱ्याची गाडी चालवताना वाट त्याने सांगायची असते. हत्यारे गंजली तरी चालतील, पण विकू नकोस. आळ्याच्या विहिरींवर मोटारी जळायच्या थांबणार नाहीत.

कलम सहावे : पास्टर अमृत पारधे यांना माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. टायफॉइडमध्ये त्यांनी माझी जी सेवा केली तिचे आभार मी मानतो. ते भेटले तर रत्नाने हे त्यांना तोंडी सांगावे. बाकी मला त्यांना जे सांगायचे होते ते मी तोंडावर सांगितले आहे.

कलम सातवे : माझे मयत. मी वाकलो नाही तर मंडळी मला पुरणार नाही, असा निरोप मला पोचला आहे. म्हणून सांगतो, की रत्नाच्या मंडळीच्या पाळकांना बोलवावे. ते आले तर ठीक. नाही आले तर जमलेल्यांपैकी ज्याला जे पाठ असेल ते त्याने म्हणावे. गावातली, भावकीतली, कोणत्याही देवाची माणसे खांद्याला आली तर त्यांना खांदा देऊ द्यावा. मी शेवटी पश्चात्ताप केला असे कोणी जाहीर करू नये. रत्नाच्या मुलीला आणावे आणि आजीच्या शेजारी बसवावे. माझ्यापाशी बसून कुशाबाईने काय बोलावे आणि किती वेळ बोलावे, याला कोणाचीही परवानगी लागणार नाही.

कलम आठवे : या मृत्युपत्राची अंमलबजावणी रत्नाने करावी. मूळ प्रत वकीलबाईंकडे राहील. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

सर्व वाचून दाखवल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "आता निश्चिंत व्हा." त्या चांगल्या बाई आहेत. पण हा कागद मी मेल्यावर चालू होणार, आणि डॉक्टर म्हणतात माझी तब्येत उत्तम आहे. सही करून मी आळ्याची एसटी धरीन. परवा रविवार. वर लवकर कोणी येत नाही, म्हणून झाडून सतरंज्या अजून मीच टाकतो. त्या टाकून, पहिली चप्पल जिन्यात वाजायच्या आत मी खाली येतो.

वरील मजकूर मी स्वतः सांगितला, वाचून घेतला, तो मला मान्य आहे.

ठिकाण : जुन्नर
दिनांक : १७ जानेवारी २०२५, शुक्रवार

(सही) सयाजी रखमाजी उमाप

सयाजी उमाप यांनी आम्हा दोघांच्या समोर सही केली आणि आम्ही त्यांच्या समोर सही केली :

१. (सही) रामनाथ गेणभाऊ कुऱ्हाडे, राहणार आळे, पंप व पाइपचे दुकान
२. (सही) सोनल सावळेराम भालेराव, राहणार आळेफाटा, शिक्षिका, पूर्वी जीवनवाट प्रार्थना मंडळीच्या सभासद