झाकणावरची चिठ्ठी

बाबा, निवडणुकीसाठी पोलीस ठाण्यात जमा केलेली आपली ठासणीची बंदूक काल परत आणली. परवाना आता माझ्या नावावर आहे. हवालदार हसत म्हणाले, "बाय, तुका माकडां भियातत काय?" मी म्हटलं, "माका नाय ओ, आवाजाक भियातत." काजूच्या बागेला तेवढं पुरतं.

आज सकाळी पायरीच्या चिऱ्यावर चिमूटभर दारू पेटवून बघितली. घरात आता दारूचा एकच डबा आहे, तरीही. तुम्ही बार भरण्याआधी दर वेळी हेच करायचात. आचऱ्याच्या फौजी काकांनी त्यांच्या रायफलीच्या काडतुसांसाठी आणलेली बिनधुराची दारू आपल्याकडे ठेवली, तेव्हा तुम्ही दोन्ही चिमटी शेजारी शेजारी ठेवल्यात. आपली काळी भस्सकन उडाली, पांढरा धूर, चिऱ्यावर काजळी. दुसरी पिवळ्या ज्योतीने सावकाश जळली, मागे जवळजवळ काहीच उरलं नाही. मी म्हणाले, "हीच बरी. नळी घाण होवची नाय." तुम्ही हसलात. "उघड्यार ती गाय गो. आपल्या नळयेत कोंडलंस तर वाघ. बंदूक फुटतली आणि माझो हात जातलो."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी भाताच्या शिताने दोन्ही डब्यांच्या झाकणांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. 'काळी'. 'बिनधुराची'. अक्षर वळणदार काढलं होतं.

पुढच्याच आठवड्यात तुम्ही पायरीवर बसला आहात, 'काळी' लिहिलेला डबा उघडता, चिमूट पेटवता. धूर येत नाही. पिवळी ज्योत सावकाश जळते. मग मला हाक मारता. "झाकणां बदलतत गो. चिठी डब्याक लाव." आणि आईकडे वळून म्हणता, "माझ्याच हातान बदलली आसतली. म्हातारो झालंय." फौजी काकांचा डबा तुम्ही त्याच दिवशी परत पोचवलात.

आज चिऱ्यावर पांढरा धूर आला आणि बरं वाटलं. चिठ्ठी डब्यालाच आहे. हे पत्र परवान्याच्या पिशवीत ठेवते आहे, तिथून ते कुठे जाणार नाही. तुम्ही म्हातारे झाला नव्हता, बाबा. त्या पिवळ्या ज्योतीच्या आदल्या दिवशी दोन्ही डबे मी पुसले होते, झाकणं काढून.