नांदेड, जरा लातूर द्या

नांदेड,
शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

चि. गंधार,

तुला आणि राजश्रीला आईचे पोटभर आशीर्वाद. तिळगुळाचा डबा मिळाला असेल. वड्या यंदा कडक झाल्या, पाक जरा पुढं गेला माझ्या हातून. राजश्रीला म्हणावं, दात जपून. इकडे थंडी बरी आहे. तुझे बाबा ठीक आहेत. मी कानटोपी घालते, ते काढतात, मी परत घालते. दिवसातनं वीस वेळा चालतो हा खेळ.

फोन असताना आई पत्र कशाला लिहून राहिली, असं तुला वाटेल. फोनवर तू म्हणतोस, आई, थोडक्यात सांग. ही गोष्ट थोडक्यात होत नाही. आणि मी एकोणचाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, लेकरा. माणूस फोनवर खरं बोलायला लागला की मध्येच ‘हॅलो, ऐकू येतंय का’ म्हणून पळ काढतो, हे मी रोज ऐकलं. कागदावर ती सोय नाही.

तू पाठवलेला तक्रारीचा कागद मिळाला. खाली पेन्सिलीनं फुली करून ‘इथे सही’ लिहिलंस, तेही पाहिलं. इंटरनेटवाल्यांच्या अमरेश नावाच्या मुलानं जोडणी निष्काळजीपणे केली, ग्राहकाला कसलीही सूचना दिली नाही, म्हणून वेळा अमावास्येला, आपल्या येळवसेच्या दिवशी, लाईट गेल्यावर अलार्मचा फोन लागला नाही आणि आजारी वृद्ध गृहस्थ साडेचार तास बेपत्ता राहिले. भाषा झकास आहे. तिकडे लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतोस, पण वकील झाला असतास तरी चाललं असतं.

कागद सोबत आजच्या कुरिअरनं परत पाठवते. सही केलेली नाही.

आता का, ते सांगते. जरा लांबून यावं लागेल.

तू लहान होतास तेव्हा रोज संध्याकाळी लाईट जायची, आठवतं? तू रडायला लागलास की मी रिसीव्हर तुझ्या कानाला लावायची. आतून तो बारीक सूर यायचा, आणि मी म्हणायची, ऐक, सगळं गाव अंधारात आहे पण एक्स्चेंज जागं आहे. तांब्याच्या तारेतून फोन आपली वीज आपल्यासोबत आणतो, लाईट गेली तरी फोन जात नाही. हे वाक्य आपल्या घरात देवाच्या आरतीइतकं पाठ होतं. तू त्या सुरावर झोपून जायचास.

दोन वर्षांपूर्वी बाबा दोनदा न सांगता बाहेर पडले, म्हणून तू दाराला तो अलार्म बसवलास. दार उघडलं की भिंतीवरचा डबा भोंगा वाजवतो आणि आपल्याच फोनवरून पुण्याच्या कंट्रोल रूमला कळवतो. तिथली तनुजा मग मला फोन करते, मी नाही उचलला तर तुला. रोज दुपारी चारला डबा आपण होऊन एक फोन लावतो, नुसतं कळवायला की मी ठीक आहे. चोरासाठीची वस्तू आपण घरच्याच माणसासाठी लावली, पण उपयोगी पडली. चारला तो टुकटुक वाजला की मी चहा ठेवायची.

दिवाळीनंतर तांब्याची तार गेली आणि इंटरनेटचा फोन आला. जोडायला अमरेश आला. बाबा त्याच्या मागं मागं फिरत होते आणि सारखे एकच म्हणत होते, नांदेड लावून दे, मला लातूर पाहिजे. त्यानं हसून रिसीव्हर त्यांच्या हातात दिला, म्हणाला, घ्या काका, लागलं नांदेड.

तुला मी काय सांगितलं, की त्या पोरानं मला काही सांगितलं नाही. ते खोटं आहे.

त्यानं मला समोर बसवून सांगितलं होतं. “काकू, आता हा नवा डबा लाईटीवर चालतो. लाईट गेली की फोन गेला. अलार्मची बॅटरी त्याच्यापुरती आहे, तो घरात ओरडेल, पण बाहेर कुणाला कळणार नाही. एक छोटी बॅटरी ह्यालाही लावून घ्या.” मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून मी फोन जोडते, मला शिकवू नकोस. तो पाणी पिऊन गेला.

आता वाटत असेल, आईनं ऐकलं नाही, म्हातारपणाची अकड, चला, झालं. इथंच पत्र संपवता आलं असतं. काल मी खरंच इथं पेन ठेवलं होतं.

मेन मी बंद केलं होतं, गंधार. येळवसेला लाईट गेली नव्हती.

बाबा मागं चालू इस्त्री पलंगावर ठेवून विसरले होते, ते तुला माहीत आहे. तेव्हापासून दुकानापर्यंत जायचं असलं तरी मी मेन पाडूनच निघते. आपल्याकडं गावाला जाताना सगळेच करतात तसं. तर तू म्हणशील, सवयीनं हात गेला. मीही स्वतःला आठ दिवस तेच सांगत होते. पण त्याआधी पंधरा दिवस, एका दुपारी बाबा झोपलेले असताना, मी मेन बंद करून रिसीव्हर कानाला लावून पाहिला होता. अमरेश खरं बोलतो का ते बघायला.

आत काही नव्हतं. सूर नाही, खरखर नाही. मी खुर्चीत टेकले आणि तसाच धरून बसले. पडद्यातून ऊन येत होतं, त्यात धूळ हळूहळू खाली उतरत होती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणी बोलावत नव्हतं. किती वेळ बसले कळलं नाही, चार वाजायला आले तेव्हा उठून मेन चढवलं. मला लई बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं.

म्हणजे मला माहीत होतं.

येळवसेला सगळी कॉलनी शेतात गेली. शेजारच्या उज्वलावहिनी मला ओढून नेत होत्या, भज्जी आणि आंबील खायला. मी म्हणाले, हे झोपलेत, मी कशी येऊ. तुम्ही दोघं राजश्रीच्या माहेरच्या शेतात होतात, जायलाच पाहिजे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. दोनला बाबा झोपले. मी अलार्म लावला, मेन पाडलं, कुलपाला हात लावला आणि काढला, कारण कोंडलं की ते दारावर डोकं आपटतात. मग रिक्षा करून विष्णुपुरीला गेले. तुला सांगितलं होतं दवाखान्यातून औषध आणायला गेले होते. औषध घरात होतं.

धरणाच्या पाण्याजवळ बसले. पलीकडचा काठ धुरकट दिसत होता. पाणी हलत नव्हतं, फक्त एक बगळा मधून मधून जागा बदलायचा. मी चपला काढल्या. तिथं मी कुणाची आई नव्हते, कुणाची बायको नव्हते, झोप लागल्यासारखी जागी होते. चार वाजून पाच मिनिटांनी पर्समध्ये मोबाईल थरथरला. तनुजाचा नंबर. चारचा फोन आला नाही म्हणून ती विचारणार, हे मला कळत होतं. मी नाव वाचलं आणि मोबाईल पालथा ठेवला. तुझाही फोन त्यानंतर आला. तोही पाहिला.

बाबा साडेतीनच्या सुमारास निघाले असणार. मी चारला उचलला असता तर ते स्टेशनवरच सापडले असते, मुदखेडची गाडी अजून सुटायची होती. घरी आले तेव्हा भोंगा ओरडून ओरडून थांबला होता, दार सताड उघडं होतं. ऐकायला कुणी नव्हतंच.

पुढचं तुला माहीत आहे, पण एक माहीत नाही. मुदखेडच्या फलाटावर रात्री आठला बाबा ज्याला दिसले तो अमरेश. शेतातून आंबील पिऊन परत येत होता. बाबा त्यांच्या जुन्या ऑफिसच्या दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणत होते, नांदेड लावून द्या. लोक हसून पुढं जात होते. अमरेशनं आवाज ओळखला. स्वतःची शाल त्यांना गुंडाळली आणि मला फोन केला. मी त्याला बजावलं, माझ्या मुलाला तुझं नाव सांगू नकोस. का, तर तू त्याला भेटशील आणि तो बॅटरीचं बोलेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू त्याला ओसरीत उभं करून वाट्टेल ते बोललास. मी दारात उभी होते. त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि खाली मान घातली. तू गेल्यावर बॅटरी घेऊन आला, बसवली आणि म्हणाला, “काकू, मी साहेबांना काही बोललो नाही.” तुझ्या कागदानं त्याची नोकरी जाईल. घरी लग्नाची बहीण आहे त्याच्या.

आणि मी गप्प का होते, तेही लिहूनच टाकते. त्या सकाळी तू म्हणालास, आई, चूक तुझी असती तर बाबांना आजच लातूरच्या त्या वृद्धांच्या केंद्रात ठेवलं असतं, पण चूक मशीनची आहे. मी मशीनच्या मागं लपले.

आता एकच सांगायचं राहिलं. बाबा मला ओळखत नाहीत, वर्ष झालं. पण आवाज ओळखतात. तुला ठाऊक आहे, आम्ही भेटलो ते आवाजानंच. ते मुदखेडला असिस्टंट स्टेशन मास्तर, मी इथं नांदेडला ट्रंक कॉल जोडणाऱ्या बोर्डावर. रोज संध्याकाळी त्यांचा फोन, नांदेड, जरा लातूर द्या, आई वाट बघत असेल. सहा महिने मी लातूर दिलं आणि मग एक दिवस त्यांनी लातूर मागितलंच नाही. हल्ली मी स्वयंपाकघरातून मोबाईलवरून घरचा फोन लावते. ते उचलतात आणि ताठ होऊन म्हणतात, बोला नांदेड. दहा मिनिटं आमचं छान चालतं. समोर गेले की परत अनोळखी.

परवा संक्रांतीला मी असाच फोन लावला. ख्यालीखुशाली झाली. मग ते आवाज बारीक करून म्हणाले, “नांदेड, इथं एक बाई असते. चांगली आहे हो. पण फार थकली आहे. तिला कुणी सुट्टी देईल का?”

मी मोबाईल ओट्यावर ठेवला आणि तोंडात पदर कोंबला. पलीकडून ते हॅलो हॅलो करत राहिले.

त्यांना केंद्रात न्यायचं ठरवलंस तर मी आडवी येणार नाही, तो हक्क मी त्या धरणावर सोडून आले. पण माझं मागणं आहे. अमरेशचं नाव काढ. आणि बाबांना इथं राहू देणार असशील तर आठवड्यातली एक दुपार मला दे. तू ये, राजश्री येवो, कुणी बाई लाव, काहीही कर. मेन मी आता पाडत नाही, नवी बॅटरी हिरवी लुकलुकते, पण बॅटरी माझ्या जागी बसू शकत नाही.

परवा रविवारी चारला घरी राहा. मोबाईलवर दोन फोन एकत्र जोडता येतात, ते अमरेशनंच मला शिकवलंय. आधी मी बाबांना लावेन, ते लातूर मागतील, मग मी तुला जोडेन. त्यांच्याशी आधी बोल. माझं काय ठरवलंस ते नंतर सांग, मी ऐकत असेन. ऐकायची मला सवय आहे.

उचल मात्र.

तुझी आई,
कुसुम