आरशात दिसलेला कोरन

मी, कोरन पेरुवण्णान, वडिलांचे नाव चिंडन पेरुवण्णान, वय एकाहत्तर, धंदा देवीचा, राहणार मुंडच्चाल, जिल्हा कण्णूर, आज माझी बुद्धी ठिकाणावर आहे आणि हात थरथरत असला तरी तो माझाच आहे, असे जाहीर करून हे मृत्युपत्र लिहायला बसलो आहे. कोणी बळजबरी केलेली नाही, कोणी दारू पाजलेली नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि "आजोबा, कामं उरकून घ्या" एवढंच सांगितलं.

बाहेर ओसरीवर दोन साक्षीदार चहा पीत बसले आहेत. एक निवृत्त पत्मनाभन मास्तर, ज्यांनी मला कायद्याचे शब्द सांगितले. दुसरा माझा धाकटा भाऊ अंबू. साक्षीदाराला आतला मजकूर वाचावा लागत नाही, सही होताना नुसतं बघावं लागतं, असं मास्तर म्हणाले. ते ऐकून मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची लाजही वाटली. कारण या कागदात अंबूची सव्वीस वर्षं आहेत.

पहिले. घर, त्याखालची अठरा सेंट जमीन, विहीर आणि नऊ माड माझा मुलगा सुधीश यास मिळावेत. पूर्वेकडचा माड शेजारच्या दामोदरनच्या छपरावर नारळ टाकतो. तो तोडा म्हणून दामोदरन तीनदा भांडून गेला. माड तोडू नये. माझ्या बायकोचं, नारायणीचं, दिवसकार्य चालू असताना या गृहस्थाने मोठ्याने रेडिओ लावला होता. नारळ पडत राहू देत.

दुसरे. देवीचे चांदीचे वाळे, कमरपट्टा आणि दागिन्यांची पेटी सुधीशलाच. माझे गुडघे गेल्यापासून सहा वर्षं पुळिंकाव देवराईच्या उत्सवात देवीचं रूप तोच अंगावर घेतो. नाचतो चांगला, खोटं कशाला बोलू. पण चेहरा रंगवून झाला की आधी मोबाईल काढून स्वतःचे फोटो घेतो. एकदा हटकलं तर म्हणाला, "बाबा, माझे कुठे, देवीचे फोटो आहेत." मी म्हटलं, "मग खाली तुझं नाव कशाला टाकतोस?" दोन दिवस तोंड फुगवून बसला होता. अट एवढीच, की माझ्या मरणाचा फ्लेक्स चौकात लावायचा नाही.

तिसरे. आरसा. इथून पुढे मला जड जाणार आहे.

पितळेच्या मुठीचा, तळहाताएवढा हा आरसा वडिलांकडून माझ्याकडे आला. रंग झाला, दागिने चढले, शेवटी मुडी, म्हणजे देवीचा उंच मुकुट, डोक्यावर बांधला की चौरंगावर बसायचं. मग घरातला कोणीतरी हा आरसा समोर धरतो. वडील शिकवायचे, "आरशात स्वतःला शोधायचं नाही रे. आपण गेलो की नाही, एवढंच बघायचं. गेला असशील तर उठ आणि नाच. दिसलास तर मुडी उतरवायला सांग."

ते नुसते सांगणारे नव्हते. मी दहा वर्षांचा असताना ते असेच बसले, आरशात पाहिलं आणि म्हणाले, "सोडा गाठी. आज मीच आहे." सगळं गाव जमलेलं. ढोल थांबले. त्या वर्षी देवी आलीच नाही. पुढे कित्येक वर्षं बाजारात पोरं त्यांना 'आरशाला भ्यालेला' म्हणून चिडवायची. वडील हसून पुढे जायचे. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. ती शरम मी मनात सांभाळून ठेवली, आणि तिनेच माझा घात केला.

सन १९९३, कुंभम महिना. पुढच्या वर्षी मोठी जत्रा होती. बारा वर्षांनी येणारी ती मोठी मुडी कोणी वाहायची, हे देवीच्या तोंडून ठरायचं होतं. मी पंचेचाळीस वर्षांचा, अंबू चाळीसचा. दोघेही आलटूनपालटून देवी घेत होतो. आदल्या संध्याकाळी देवराईचे मालक, म्हातारे नंबियार, पान लावता लावता म्हणाले, "कोरनच्या अंगावर मुडी चढते. अंबूच्या अंगात देवी येते." मी खांबाआड उभा होतो. नंबियारांचं काय सांगावं, मुडी असेपर्यंत पायांवर डोकं ठेवतील आणि मुडी उतरली की चहा मागच्या अंगणात देतील. पण त्या दिवशी मला त्यांचा राग आला नाही. राग आला तो अंबूचा, ज्याने काहीच केलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी मुडी माझ्या डोक्यावर होती आणि आरसा अंबूच्या हातात. मी पाहिलं. रंगाखाली डाव्या भुवईवरचा व्रण दिसला. लहानपणी विहिरीच्या कठड्यावर आपटलो होतो, तो. डोळे माझे. मी होतो, नखशिखांत मीच होतो. 'सोडा गाठी' हे दोन शब्द ओठांपर्यंत आले आणि मी ते गिळले. उठलो. नाचलो. देवी माफ करो, पण त्या दिवसाइतका चांगला मी जन्मात कधी नाचलो नाही.

मग लोक कौल मागायला आले. पहिली माधवी. तिचा रघू मुंबईला गेलेला, तीन वर्षं पत्र नाही. माझं लक्ष दुसरीकडे होतं. तिच्या हातावर हळद टेकवली आणि घाईघाईने म्हटलं, "दार उघडं ठेव बाई, येईल." ती रडत रडत बाजूला झाली. तिच्यामागून नंबियार हात जोडून आले आणि मोठ्या मुडीचं विचारलं. मी देवीच्या आवाजात म्हणालो, "ज्याच्या हातात आत्ता आरसा आहे, त्याच्या डोक्यावर माझी मुडी चढता कामा नये. त्याच्या पावलाने माझं अंगण विटाळलं आहे. कुंपणाच्या आत त्याने पुन्हा यायचं नाही."

अंबूने आरसा माझ्या पायाशी ठेवला, नमस्कार केला आणि पाठ न दाखवता मागे मागे चालत कुंपणाबाहेर गेला. तेव्हापासून दरवर्षी तो जांभ्याच्या त्या कुंपणाबाहेर, चिंचेखाली, हात जोडून उभा असतो. पोटासाठी विड्या वळल्या. 'याने असं काय पाप केलं असेल' म्हणून त्याच्या मुलीची सोयरीक दोनदा मोडली. देवीच्या शब्दापुढे कोणाचं काय चालणार? नारायणीने मला एकदाच विचारलं, "त्या दिवशी कोण बोललं हो?" मी जेवणाचं ताट भिरकावलं. तिने पुन्हा कधी विचारलं नाही, आणि तशीच गेली.

हा आरसा अंबूला द्यावा.

चौथे. मोठ्या जत्रेत मुडी वाहिली म्हणून मला रेशमी वस्त्र, सोन्याची बांगडी आणि 'पेरुवण्णान' ही वडिलांना मिळालेली पदवी मिळाली. बांगडी अंबूची आहे. मनगट सुजल्यापासून ती निघत नाही. तेल लावलं, साबण लावला, सुधीशने ओढून पाहिली. मी मेल्यावर सोनाराकडून कापून घ्यावी आणि अंबूला द्यावी.

पाचवे. हे पत्र माझ्या मरणानंतर येणाऱ्या पहिल्या उत्सवात, देवराईत, मुडी चढण्याआधी सर्वांसमोर वाचावे. सर्व ढोल थांबवावेत. नंबियार घराण्यातल्या सर्वांनी उभे राहावे. मास्तरांनी मोठ्या आवाजात, मधे न थांबता वाचावे. त्यानंतर अंबूला हाताला धरून कुंपणाच्या आत आणावे. कोरनने काय केले ते गावातल्या लहान पोरालाही कळावे.

इथवर लिहिलं आणि ओसरीवरून अंबूची हाक आली, "दादा, झालं का? घर लिहून देतोयस की पुराण सांगतोयस? माझा दुसरा चहा संपला."

मी सही करायला कागद बाहेर नेला. लेखणी टेकवली, पण सही होईना. नुसतं बघून हा सही करून जाईल, मग मी मरेन, मग याला कळेल, आणि तोवर मी याच्यासमोर रोज मोठा भाऊ म्हणून हिंडेन. छातीत असं धडधडायला लागलं की मास्तर पाणी आणायला उठले. मी अंबूसमोर कागद सरकवला आणि म्हटलं, "आधी वाच."

त्याने चष्मा पुसला. वाचायला लागला. बोटाखाली ओळ धरून वाचायची त्याची सवय आहे. बोट तिसऱ्या कलमावर आलं, मी पाहिलं. ते थांबलं नाही. सारख्याच चालीने खाली सरकत राहिलं, आणि मला कळेना, हा वाचतोय की नाही. पुढे जे बोलणं झालं ते मास्तरांसमक्ष झालं, म्हणून इथे जसंच्या तसं लिहून ठेवतो.

अंबू म्हणाला, "आरसा मीच धरला होता, दादा. मला तेव्हाच कळलं."

"काय कळलं?"

"मुडीखाली तू आहेस ते. माझ्याकडे बघताना देवीचे डोळे असे नसतात."

मी ओरडलो, "मग बोलला का नाहीस? एक शब्द बोलायचास! मला सगळ्यांसमोर उघडं पाडायचंस!"

"बोलणारच होतो. जीभ उचलली होती. तेवढ्यात बाजूला माधवी दिसली. ओंजळीत हळद घट्ट धरून उभी होती. हा कोरन आहे म्हटलं असतं, तर तिला दिलेला शब्द पण कोरनचाच झाला असता."

"पण रघू कुठे आला? तो आलाच नाही!"

"नाही आला. म्हातारी जगली ना पण. अजून दाराला कडी लावत नाही ती. जाऊन बघ."

मास्तर पाण्याचा तांब्या घेऊन दारात तसेच उभे होते. मी म्हटलं, "अंबू, माझ्यावर थुंक तरी."

"पहिली पाच वर्षं तुझा गळा दाबायचाच विचार होता," तो म्हणाला. "पोरीचं लग्न मोडलं तेव्हा कोयता घेऊन तुझ्या दारापर्यंत आलो होतो. वहिनी अंगण झाडत होती. 'भावोजी, पेज घेणार का' म्हणाली. पेज प्यालो आणि परत गेलो." मग त्याने पाचव्या कलमावर बोट आपटलं. "आणि हे काय आहे? ढोल थांबवा, नंबियारांना उभं करा! आधी देवी होऊन बोललास, आता पापी होऊन बोलणार. मधोमध उभा आपला तूच. आणि माधवी पुढच्या रांगेत बसते, माहीत आहे ना? तुला मोकळं व्हायचंय म्हणून तिच्या दाराला कडी लावणार तू?"

या वयात माझ्या तोंडावर असं कोणी बोललेलं नाही. मला राग आला, तेही लिहून ठेवतो. सव्वीस वर्षांनी मोठ्या मनाने कबुली द्यायला बसलो, आणि हा मला तेवढीही शोभा मिळू देईना! मग हळूहळू तो 'मोठ्या मनाने' हा शब्दच माझा मला टोचायला लागला. मी मान खाली घालून विचारलं, "मग करू काय? तुला आत कसा आणू?"

"देवीला आणायचं असेल तर ती आणेल. पुन्हा तिच्या तोंडात तुझे शब्द कोंबू नकोस. आरसा सुधीशला दे, त्याला गरज आहे. मी काय त्यात दाढी करू?"

"आणि बांगडी? सोनाराला आजच बोलावतो."

"कापू नकोस. उतरवलीस की तू सुटशील. राहू दे हातात. रोज दिसू दे." हे म्हणून तो चष्मा पुसत अंगणाकडे बघत राहिला. मीही रडलो. मास्तरांनी पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

म्हणून आता खालीलप्रमाणे बदल करतो. खाडाखोडीच्या बाजूला सही लागते असं मास्तर म्हणतात, ती केली आहे.

तिसरे कलम बदलले. आरसा सुधीशकडे जाईल. आपल्या आजोबांनी कुठल्या शब्दांत गाठी सोडायला सांगितल्या, ते मी त्याला आरसा हातात देतानाच सांगेन. तेवढंच सांगेन.

चौथे कलम रद्द. बांगडी हातातच राहील आणि माझ्याबरोबर चितेवर जाईल.

पाचवे कलम रद्द. हा कागद अंबूपाशी राहील. माझ्यामागे सुधीशला घर आणि पेटीपुरता मजकूर मास्तर लिहून देतील. बाकीचा कोणाला दाखवायचा, की चुलीत घालायचा, हे अंबूने ठरवावे. मी मधे पडणार नाही.

सहावे, नवे. येत्या कुंभम महिन्याच्या पाच तारखेला पुळिंकावात देवी येईल. मी आत जाणार नाही. यंदा आणि जितकी वर्षं उरली असतील तितकी, मी कुंपणाबाहेर चिंचेखाली अंबूशेजारी उभा राहीन. लोक विचारतील, पेरुवण्णान बाहेर का? नंबियारांचा माणूस बोलवायला येईल. सुधीश चिडेल. बाजारात नावं ठेवतील, ठेवू देत. मी कोणालाही कारण सांगणार नाही. हे मला फार जड जाणार आहे, कारण आत्ता लिहितानाच दोनदा मनात येऊन गेलं की निदान मास्तरांनी तरी कुठेतरी सांगावं. मास्तर, सांगू नका.

अंबूला विचारलं, "उभा राहू ना तुझ्या शेजारी?" तो म्हणाला, "चिंचेची सावली सकाळी पश्चिमेला पडते. लवकर ये, नाहीतर उन्हात उभा राहशील."

वर सुरुवातीला नावापुढे पदवी लिहिली आहे. मास्तर म्हणतात, सही तशीच हवी, नाहीतर कोणी हरकत घेईल. घेऊ देत.

सही: कोरन

साक्षीदार पहिला: पत्मनाभन, निवृत्त शिक्षक. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसरा: अंबू, चिंडन यांचा धाकटा मुलगा. सही माझ्यासमोर झाली. सही करणारा माझा भाऊ आहे, दुसरं कोणी नाही, हे मी नीट बघून लिहितो.

मुक्काम मुंडच्चाल, मकरम महिना, सहा तारीख. इसवी सन २०१९, जानेवारीची वीस तारीख.