भट्टीवाल्यांचं सूप

प्रिय टिटवे,

काल ताईचा फोन आला. तू राजीनामा देऊन आलीस, साहेबांनी तो अजून टेबलावरच ठेवलाय, सोमवारपर्यंत नीट विचार कर म्हणालेत, आणि तू मात्र खोलीचं दार लावून कपाट आवरत बसलीयस, एवढं तिनं सांगितलं. वर मला सुनावलं, "माय मरो नि मावशी जगो म्हणतात. इथं मावशीनंच पोरीची नोकरी घालवली." मी मुकाट ऐकून घेतलं. हजार माणसांपुढे माझा आवाज कधी कापला नाही, पण मोठ्या बहिणीपुढे माझी बोलती बंद होते, हे तुला ठाऊक आहेच. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसले. पत्राचा एक फायदा असतो, मध्येच "मावशे, पुरे" म्हणता येत नाही.

आधी एक सांगून टाकते, म्हणजे तुझा गैरसमज व्हायला नको. फाटकावरच्या सभेत मी जे बोलले त्यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही. "ज्यांना भट्टीवरच्या माणसाला धड हातमोजे द्यायला वर्ष लागतं, ते आज स्वयंपाकाचे ॲप्रन वाटायला निघालेत," असं मी म्हणाले. ते तेव्हाही खरं होतं, आजही आहे. तू कंपनीच्या कर्मचारी विभागाची अधिकारी, मी युनियनची सेक्रेटरी. घरात तू माझी भाची, फाटकाच्या आत तू समोरची बाजू. हे आपण तू नोकरीला लागलीस त्याच दिवशी ठरवलं होतं, आणि ठरवताना तूच जास्त हसत होतीस. त्या दिवशी मात्र तू खिडकीत उभी राहून खाली मान घालून ऐकत होतीस, आणि मला तुझं लहानपण आठवत होतं. तुला कडेवर घेऊन मी सभा केल्यात. माझा आवाज चढला की लोक टाळ्या वाजवायचे आणि तू माझ्या खांद्यावर लाळ गाळत झोपायचीस. इतका निवांत श्रोता मला पुन्हा मिळाला नाही.

पण तुझी कल्पना पोरखेळ होती असं मी कधी म्हटलं नाही, ते साहेब म्हणाले. ती कशातून निघाली हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? आमच्या कारखान्यात भट्टीवाले काचेच्या बाटल्या घडवतात आणि तपासणीच्या बायका त्या उजेडासमोर धरून खोट काढतात. खोट सापडली की बाटली हौदात. एका शब्दानं बोलायचं नाही, वर बघायचंही नाही. संध्याकाळी फळ्यावर आकडा लागतो, किती बाटल्या गेल्या त्याचा. तो वाचून भट्टीवाले म्हणतात, या बाया नाकानं कांदे सोलतात. बायका म्हणतात, यांना डोळे दिलेत कशाला देवानं? अशी वर्षं गेली. कँटीनमध्ये सुद्धा मधलं टेबल रिकामं सोडून दोन्हीकडे दोन राज्यं बसायची. मग भट्टीवरच्या पैलवानाचा हात कापला. (बाहेरच्या माणसाला हे नाव ऐकून कुणी आडदांड गडी वाटेल. आपला पैलवान वाऱ्यानं उडेल इतका बारीक, पण साच्यावर त्याच्यासारखा हात नाही.) गरम बाटली उचलताना तळ निखळला आणि काच तळव्यात घुसली. तळाला चीर येतेय हे तपासणीच्या बायकांनी सकाळपासून पाहिलं होतं. त्या निमूटपणे एकेक बाटली हौदात टाकत होत्या. भट्टीकडे जाऊन सांगावं असं एकीच्याही मनात आलं नाही, कारण सांगायची रीतच नव्हती. तू त्या दिवशी दवाखान्यात पैलवानाच्या बायकोशेजारी बसून होतीस, मी पाहिलंय. त्यानंतर तू भाषणं, फलक, शिबिरं सगळं बाजूला सारलंस आणि म्हणालीस, यांना एकदा एकत्र स्वयंपाक करायला लावते.

मी विरोध केला आणि आलेही. ज्याला विरोध करायचा ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, हे माझं तत्त्व आहे, आणि त्या दिवसाचा पगार मिळणार नव्हता तरी सगळे येतायत म्हटल्यावर मागं राहणं मला शोभलं नसतं. सुट्टीच्या दिवशी कँटीनचं स्वयंपाकघर तू कसं घासूनपुसून ठेवलं होतंस. भाज्यांच्या टोपल्या, सुऱ्या, मोठाली पातेली. बटाटा-टोमॅटोचं सूप आणि पाव, इतका साधा बेत. गटही तू मोठ्या हिकमतीनं पाडलेस, प्रत्येकात अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे. ज्याला जे येतं ते त्यानं करावं म्हणून निवडण्याचं काम बायकांना दिलंस आणि शेगडी भट्टीवाल्यांना. तिथंच गोची झाली, पोरी, आणि ती अशी की दुसऱ्या कुठल्या कारखान्यात झाली नसती.

तपासणीच्या बायकांनी बटाटे उजेडासमोर धरून पाहिले. डाग दिसला, टाकला. टोमॅटोला ओरखडा, टाकला. कांद्याचा आकार वाकडा, टाकला. त्यांच्यातली सगळ्यात मोठी काकू, जिला सगळे दुर्बीण म्हणतात, तिनं तर गाजराची एक अख्खी टोपली फेटाळली. तासाभरानं कचऱ्याचा डबा भरला आणि पातेल्यात टाकायला मूठभर भाजी उरली. तिकडे पैलवान आणि त्याचे गडी शेगड्या पूर्ण पेटवून, हाताची घडी घालून, मोठ्या अभिमानानं उभे. भाजी नाही तर नाही, पातेलं वर चढवलंच. पाणी आटलं, तळ लागला, धूर झाला, तरी एकानंही गॅस बारीक केला नाही. बघायला आलेले साहेब खोकत बाहेर आले, त्यांचा पांढरा शर्ट काजळला, आणि सगळ्यांदेखत ते तुला म्हणाले, "बाई, हा पोरखेळ पुरे झाला आता." तुझा चेहरा मी पाहिला. तू त्यांच्या मागोमाग निघून गेलीस. म्हणतात ना, शिजेपर्यंत दम धरवतो पण निवेपर्यंत धरवत नाही. तुझं नेमकं तेच झालं. पुढचं तू पाहिलंच नाहीस.

पुढं असं झालं की पातेली घासायची कुणी, यावरून भांडण पेटलं. मी मध्ये पडणार होते, तेवढ्यात दुर्बीण पदर खोचून पैलवानासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अरे बाबा, एवढा धूर निघत होता, गॅस बंद करायला काय हात मोडला होता?" पैलवान गोंधळला. म्हणाला, "आमच्यात विझवत नाहीत, काकू." ती म्हणाली, "विझवत नाहीत म्हणजे?" तेव्हा तो सांगायला लागला, की भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं पेटतीच ठेवायची असते. विझली तर आतला काचेचा रस गोठून भट्टीच बाद होते. सणवार असो, घरात कुणी मरो, एक पाळी गेली की दुसरी येऊन उभी राहते. त्याचा बाप गेला तेव्हाही तो बदली माणूस येईपर्यंत जागचा हलला नव्हता. ज्योत बारीक करायची म्हटली की हातच पुढे होत नाही. दुर्बीण इतकी वर्षं त्या भिंतीपलीकडे बसत होती आणि हे तिला ठाऊक नव्हतं. मग पैलवानानं आपलं गाऱ्हाणं काढलं, "पण तुम्ही तरी काय केलंत? एवढुसा डाग, कापून टाकायचा होता." ती शांतपणे म्हणाली, "बाटलीचा डाग कापता येतो का रे? एक नजरेतून सुटली आणि कुणाच्या पोराच्या हातात फुटली, तर परत येते ती आमचं नाव घेऊन. रात्री डोळे मिटले तरी बाटल्याच दिसतात." मग कुणीतरी राख आणली, कुणी काथ्या आणला, आणि दोन्ही राज्यं एका मोरीवर वाकून करपलेली पातेली घासायला लागली. पैलवानाला बरा असलेला एकच हात, तर तो पातेलं धरायचा आणि दुर्बीण घासायची. मध्येच ती म्हणाली, "घट्ट धर, पैलवान नाव लावतोस ना?" आणि सगळे इतके हसले की मला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं. भांडी घासून झाल्यावर कचऱ्यातले बटाटे काढून, धुऊन, डाग कापून उकडले आणि मीठ लावून पावाबरोबर खाल्ले. मीही खाल्ले.

मी फार वाचलंय, फार बोललेय, आणि एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. जगातला प्रत्येक लढा आधी कुठल्या ना कुठल्या चुलीभोवती शिजलाय. एकत्र जेवणाऱ्या माणसांना फोडणं अवघड जातं. तुझे साहेब हे विसरले, पण मी कशी विसरेन? तरीही मी तुला खोटं सांगणार नाही. सूप पगारवाढीची जागा घेऊ शकत नाही, आणि जो कुणी तसा प्रयत्न करील त्याच्याशी मी भांडेन, मग ती तू का असेनास. पण परवा जे घडलं ते मला कुठल्या पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं. सकाळी दुर्बिणीनं बाटली उजेडासमोर धरली, पाहिली, आणि ती हौदात टाकली नाही. हातात घेऊन उठली, भिंतीला वळसा घालून सरळ भट्टीपाशी गेली. म्हणाली, "पैलवान, तळाला पुन्हा चीर दिसतेय. साचा बघ." त्यानं काम थांबवायला लावलं, साचा काढून बदलून घेतला. त्याचा हात बरा होईपर्यंत त्याच्या जागी उभा असलेला नवा गडी घरी गेला तो दोन्ही हात धड घेऊन. फळ्यावर याची नोंद झाली नाही. तिथं तसा रकानाच नाही.

म्हणून लिहितेय. काल युनियनच्या कमिटीची बैठक झाली. दुर्बिणीनं ठराव मांडला, पैलवानानं अनुमोदन दिलं, आणि मी, युनियनची सेक्रेटरी, पहिल्यांदाच एकही शब्द न बोलता मत दिलं. दर तीन महिन्यांनी असा स्वयंपाक व्हावा, तो कामाच्या वेळेत आणि भरपगारी व्हावा, आणि भांडी घासायला अधिकाऱ्यांनीही हात लावावा, अशी आमची मागणी आहे. सोमवारी सकाळी मी ती घेऊन कंपनीत येणार. साहेब पहिल्या झटक्याला नाही म्हणतील, मी टेबलावर हात आपटेन, आणि मग कंपनीच्या बाजूनं कुणीतरी असा माणूस लागेल जो मला ओळखतो, माझ्या आवाजाला घाबरत नाही, आणि ही मागणी का खरी आहे हे ज्याला आतून कळतं. असा माणूस त्या इमारतीत एकच आहे आणि तो सध्या कपाट आवरतोय. त्या टेबलावरून तुझा कागद उचल आणि माझ्यासमोर येऊन बस. मला भांडायला तू हवीस, बाळा.

तुझीच,
समोरच्या खुर्चीतली मावशी